विचित्र : रंग उतरलेला शब्द

द्रुतगती मार्गावर चार वाहने एकमेकांवर आदळली की दुसऱ्या दिवशीच्या मराठी वृत्तपत्रात एक ठरलेला मथळा येतो : 'विचित्र अपघात'. ट्रक, टेम्पो, मोटार आणि त्यांच्यामध्ये सापडलेली एखादी दुचाकी असा निरनिराळ्या वाहनांचा गुंता झाल्याखेरीज बातमीदार सहसा हे विशेषण खर्च करत नाही. एकटीच मोटार झाडावर आदळली तर अपघात 'भीषण' असतो. 'विचित्र' ठरायला अनेकांची सरमिसळ व्हावी लागते. बातमीदाराला अर्थातच 'चमत्कारिक, न समजणारा' एवढेच म्हणायचे असते. पण नकळत तो या शब्दाच्या जुन्या अर्थाच्या बराच जवळ जाऊन उभा राहतो. संस्कृतात शतकानुशतके 'विचित्र' म्हणजे अनेक रंगांचे, अनेक परींचे, विविधतेने नटलेले. ते कवच, हार, वस्त्र, उद्यान आणि कथा यांचे गौरवाचे विशेषण होते. आज एखाद्या यजमानिणीला 'तुमची साडी विचित्र आहे' असे म्हणून पाहावे; पुढच्या हळदीकुंकवाचे आमंत्रण येणार नाही.

शब्दांचे अर्थ बदलतात, त्यात नवल नाही. आमची अडचण निराळी आहे. महाविद्यालयात महाभारतावरचे काही शिकवायची वेळ आली आणि शंतनूच्या धाकट्या पुत्राचे नाव उच्चारले की वर्गात खसखस पिकते. विचित्रवीर्य या नावात विद्यार्थ्यांना काहीतरी बिघाड ऐकू येतो. तो राजा निपुत्रिक वारला, क्षयाने वारला, ही कथा त्या गैरसमजाला आणखी बळकटी देते. सत्यवतीने मात्र आपल्या मुलाला ते नाव कौतुकाने ठेवले होते : नाना परींचा पराक्रम असलेला. थोरल्याचे नाव चित्रांगद. दोन्ही भावांच्या नावात 'चित्र' आहे आणि दोन्ही ठिकाणी तो अलंकार आहे. तीच गत 'दशम ग्रंथा'तील 'बचित्तर नाटका'ची. गुरू गोविंदसिंगांच्या नावाशी जोडलेल्या या रचनेच्या कर्तृत्वाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण नावाविषयी असायचे कारण नाही. तिथे 'बचित्तर' म्हणजे अद्भुत, बहुरंगी. ज्या नांदेडात १७०८ साली गुरूंनी देह ठेवला, त्या नांदेडातला मराठी वाचक आज ते नाव 'विचित्र नाटक' असे वाचील आणि कपाळाला आठी घालील. तेव्हा एका शब्दाचा रंग उतरला की जुन्या ग्रंथांची पानेच्या पाने फिकी पडतात. प्रस्तुत लेखात हा रंग कुठे कुठे होता आणि कसा उतरत गेला, ते पाहण्याचा प्रयत्न करू.

मूळ शब्द 'चित्र'. वेदकाळी त्याचा अर्थ तेजस्वी, डोळ्यांत भरणारे असा होता; 'चित्' म्हणजे जाणणे, दिसणे या धातूशी त्याचे नाते सांगतात. चित्रा नक्षत्रात एकच ठळक तारा आहे, त्यात ठिपके-पट्टे काही नाहीत. ते 'चित्रा' झाले ते झळाळीमुळे. त्या चित्रेवरून चैत्र महिना आणि चैत्रावरून आपल्या बायकांनी अंगणात काढायचे चैत्रांगण. झळाळते ते डोळ्यांत भरते, आणि अनेक रंग एकत्र आले की जास्तच भरते. अशा वाटेने 'चित्र' म्हणजे बहुरंगी झाले. तिथून काढलेली आकृती, म्हणजे आजचे चित्र, आणि दुसऱ्या फाट्याने आश्चर्य. ठिपक्यांच्या हरणाला 'चितळ' आणि ठिपक्यांच्या श्वापदाला 'चित्ता' म्हणताना आपण हाच शब्द झिजवून वापरत असतो. नागपूरची चितारओळ त्याच घराण्यातली. 'वि' उपसर्गाने हा रंगांचा पसारा अधिक फाकला, इतकेच.

पण 'चित्र' एकटे नव्हते. अमरकोशात बहुरंगी वर्णासाठी सहा शब्द एका ओळीत येतात : चित्र, किर्मीर, कल्माष, शबल, एत आणि कर्बुर. काळा, पांढरा, तांबडा यांच्याप्रमाणेच 'मिश्र' हाही एक रंग मानून त्याला सहा नावे देणारी ही यादी आम्हांस फार बोलकी वाटते. गुराखी समाजाला अशा शब्दांची गरज असतेच. आजही गावाकडे 'बांडा', 'कबरा' अशी नावे गुरांच्या अंगावरून पडतात, आणि त्यातला 'कबरा' हा 'कर्बुर' घराण्याचाच वंशज आहे. मरुतांची आई पृश्नी ही ठिपक्यांची. वाल्मीकींच्या बालकांडात ज्या गाईसाठी विश्वामित्र वसिष्ठांशी भांडतो, ती शबला. वसिष्ठांच्या आश्रमातली सर्वांत मौल्यवान वस्तू एक कबरी गाय होती, हे विसरू नये.

मात्र या सहा शब्दांच्या पुढच्या पिढ्या पाहिल्या की चित्र पालटू लागते. किर्मीर हा वनपर्वात भीमाने मारलेला राक्षस. कल्माषपाद हा शापाने नरभक्षक झालेला राजा. पुराणांत असे सांगितले आहे की वसिष्ठांना उलट शाप देण्यासाठी हातात घेतलेले पाणी राणीने अडवल्यावर त्याने स्वतःच्याच पायांवर ओतले आणि पाय डागाळले. यमाच्या दारातल्या दोन कुत्र्यांना वेदात 'शबल' म्हटले आहे. (ग्रीकांच्या यमलोकातला केर्बेरोस आणि हा शबल एकच, असे एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय पंडितांनी मोठ्या उत्साहाने मांडले होते. आजचे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ते मानत नाहीत, पण पाताळाच्या राजाने आपल्या कुत्र्याचे नाव 'ठिपक्या' ठेवले होते, ही गंमत अजून लोक एकमेकांना सांगतात.) कर्बुराची तर कमाल आहे. त्याच अमरकोशात तो राक्षसाच्या पर्यायांत येतो आणि सोन्याच्या पर्यायांतही येतो. मिश्र रंगाकडे पाहताना आपल्या पूर्वजांना एकाच वेळी सोने आणि राक्षस दिसत होते, याहून चांगला पुरावा कोशात मिळणे कठीण.

राक्षस कुठून आला, हे पाहायचे तर धर्माच्या आणि आचाराच्या पोथ्या उघडाव्या लागतात. पाली ग्रंथांत उत्तम शीलाचे वर्णन येते ते कापडाच्या भाषेत : ते अखंड असावे, त्याला छिद्र नसावे, ते 'असबल' असावे, 'अकम्मास' असावे. म्हणजे शबल नको आणि कल्माषही नको. जैन आगमांत मुनीच्या चारित्र्याला डाग लावणारे एकवीस 'शबल' दोष मोजले आहेत. पांढऱ्या वस्त्रावर रंग पडला की तो डाग. आणि ब्राह्मणी परंपरेत याच भीतीचे नाव 'वर्णसंकर'. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन ज्याच्या धास्तीने धनुष्य टाकतो, तो शब्द अक्षरशः घेतला तर 'रंगांची सरमिसळ' एवढाच आहे. वस्त्रात आणि उद्यानात वर्ण मिसळले तर 'विचित्र' म्हणून वाहवा, आणि माणसांत मिसळले तर मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातली ती लांबलचक आणि निष्ठुर यादी! हे दोन शब्द एकाच संस्कृतीत शेजारी शेजारी राहिले. त्यांची गाठ घालून पाहावी असे आमच्या अभ्यासक्रमांना क्वचितच वाटले.

याच संस्कृतीत एका वेगळ्याच मंडळींनी हा प्रश्न नीतीचा न मानता तर्काचा मानला, आणि आमच्या मते या शब्दाच्या इतिहासातले ते सर्वांत सुंदर प्रकरण आहे. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त रूपाचे, म्हणजे रंगाचे, सात प्रकार सांगितले आहेत : शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश आणि चित्र. हा सतराव्या शतकातला छोटेखानी ग्रंथ पाठशाळांत मुलांना घोकायला असे. आठल्ये आणि बोडस यांनी तो १८९७ साली मुंबई संस्कृत मालेत इंग्रजी टिपांसह काढला आणि नंतरच्या कित्येक पिढ्यांनी न्यायशास्त्राची तोंडओळख त्यातूनच करून घेतली. सहा रंग ठीक. पण सातवा रंग 'चित्र' कशासाठी? निळे आणि पिवळे धागे विणून कापड केले तर त्यात निळा आहे, पिवळा आहे; 'चित्र' असा आणखी एक रंग त्यात कुठून आला?

नैयायिकाचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. त्याच्या मते कापड ही धाग्यांच्या बेरजेहून निराळी, स्वतंत्र वस्तू आहे. रंग हा ज्या वस्तूत राहतो ती सगळी व्यापून राहतो. अर्ध्या वस्तूत निळा आणि अर्ध्या वस्तूत पिवळा असे त्याला चालत नाही. मग या कापडाचा रंग कोणता? निळा म्हणावा तर ते सगळे निळे नाही, पिवळा म्हणावा तर सगळे पिवळे नाही. रंगच नाही म्हणावे तर ते डोळ्यांना दिसायलाच नको, कारण ज्याला रूप नाही ते चक्षूंना गोचर होत नाही. आणि कापड तर ढळढळीत दिसते आहे. म्हणून त्याचा एकच, अखंड रंग मानायचा : चित्र. म्हणजे मिश्रण ही मुळातली कसर नव्हे, तो एक पूर्ण वाढलेला, स्वतःच्या पायांवर उभा असलेला रंग. पुढच्या काळातल्या नव्य नैयायिकांना हे जड गेले. रंग वस्तूचा काही भागच व्यापतो असे मानले की भागले, सातव्या रंगाची उठाठेव नको, असे त्यांचे म्हणणे विश्वनाथाने 'सिद्धांतमुक्तावली'त नोंदवले आहे.

त्याही आधी, सातव्या शतकाच्या आसपास, बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने या चित्ररूपाची थट्टा केली होती. त्याच्यासमोर कापड नव्हते, फुलपाखराचा पंख होता. निळा, पिवळा वगळले तर त्या पंखात पाहायला उरते काय? तरीही तुम्हाला 'चित्र' नावाचे आणखी काही दिसत असेल तर ते 'चित्र'च म्हणायचे, अशा अर्थाचा टोला त्याने हाणला आहे. त्यातली श्लेषाची मौज पाहावी : पहिला 'चित्र' म्हणजे बहुरंगी, दुसरा म्हणजे आश्चर्य, आणि त्या आश्चर्याला उपहासाची धार आहे. आजच्या मराठीत आपण नेमके असेच म्हणू : 'विचित्रच आहे!' शब्दाच्या अंगातला पुढचा अर्थ इतक्या आधीपासून कूस बदलत होता. गंमत अशी की धर्मकीर्तीला स्वतःलाही हा पंख सहजासहजी सुटला नाही. अनेक रंग एकाच क्षणी एकाच ज्ञानात कसे दिसतात, ज्ञान एक की अनेक, हा प्रश्न त्याच्या टीकाकारांना पुढे बराच काळ पुरला.

काव्याच्या आणि राजदरबाराच्या बाजूने पाहिले तर मात्र 'विचित्र' अजून ऐटीत होते. त्याच सातव्या शतकाच्या आरंभी कांचीला पल्लव राजा पहिला महेंद्रवर्मा राज्य करीत होता. तमिळनाडूत विळुपुरम जिल्ह्यातल्या मंडगपट्टू येथे खडकात कोरलेले त्याचे देवालय आहे आणि तिथल्या शिलालेखात ते विटेशिवाय, लाकडाशिवाय, धातूशिवाय, चुन्याशिवाय ब्रह्मा, ईश्वर आणि विष्णू यांच्यासाठी करवले असे म्हटले आहे. करवणाऱ्या राजाचे तिथले बिरुद 'विचित्रचित्त'. आजचा मानसोपचारतज्ज्ञ हे बिरुद वाचून वेगळीच टिपणी करील. महेंद्रवर्म्याला सांगायचे होते ते असे की आपली बुद्धी अनेक अंगांनी खेळते. त्याने 'मत्तविलास' नावाचे प्रहसन लिहिले, स्वतःला चित्रकारांतला वाघ म्हणवून घेतले. आमच्या मते ते बिरुद त्याला शोभत होते.

काश्मिरी आलंकारिक कुंतकाने दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधीवर 'वक्रोक्तिजीवित' लिहिले तेव्हा 'विचित्र' हा साहित्यशास्त्राचा पारिभाषिक शब्द झाला. वैदर्भी, गौडी अशी प्रांतांवरून शैलींची नावे त्याला मान्य नव्हती. मामेबहिणीशी लग्न करावे की नाही, हा देशाचाराचा विषय होऊ शकतो. काव्य तसे देशाचाराने होत नाही, ते कवीच्या स्वभावातून येते, असे तो म्हणतो. (हा दृष्टांत वाचताना मराठी वाचकाने उगीच वाईट वाटून घेऊ नये.) म्हणून त्याने स्वभावावरून तीन मार्ग सांगितले : सुकुमार, विचित्र आणि मध्यम. सुकुमार मार्ग कालिदासाचा, आणि त्याच्या जोडीला सर्वसेनाचा. हा सर्वसेन म्हणजे आपल्या वाशीमचा, वत्सगुल्माचा वाकाटक राजा, 'हरिविजय' या प्राकृत काव्याचा कर्ता. विचित्र मार्ग बाणभट्टाचा, भवभूतीचा, राजशेखराचा.

या मार्गाचे कुंतकाने केलेले वर्णन म्हणजे दागिन्यांच्या पेढीवर बसल्यासारखे आहे. एका अलंकाराने कवीचे समाधान होत नाही, तो त्याला दुसरा अलंकार जडवतो, जसे हारात रत्न बसवावे. दागिन्यांच्या तेजाने अंग झाकून जावे आणि तरीही ते अधिक शोभून दिसावे. आणि हा रस्ता सोपा नाही. त्यावरून चालणे म्हणजे तलवारीच्या धारेवरून जाणे. सुकुमार मार्गाला कुंतक श्रेष्ठ आणि विचित्र मार्गाला कनिष्ठ मानत नाही, हे आवर्जून सांगायला हवे. दोन्ही पूर्ण आहेत. आम्हा मराठी माणसांना यात दोन गोष्टी घरच्या वाटाव्यात. भवभूती विदर्भातल्या पद्मपुराचा आणि राजशेखराचा पणजोबा अकालजलद हा 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणवला गेलेला. म्हणजे ज्या विदर्भाच्या नावाने सोपी, गोड 'वैदर्भी' रीत ओळखली जाई, त्या मुलखाचा कवी कुंतकाला दुसऱ्याच रस्त्यावर भेटला. प्रांतावरून शैली ठरवू नये, या त्याच्या म्हणण्याला हा चांगलाच पुरावा आहे. दुसरी गोष्ट : कुंतकाने विचित्र मार्गाचा नमुना म्हणून बाणाचे 'हर्षचरित' दाखवले. त्याच बाणाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या नावावरून मराठीने नव्या गद्य कथाप्रकाराला 'कादंबरी' म्हटले. आपल्या कादंबरीचे नाव विचित्रमार्गी कवीकडून आलेले आहे.

मात्र कुंतकाची बाजू शास्त्रात जिंकली नाही. त्याचा ग्रंथ इतका मागे पडला की सुशीलकुमार डे यांनी १९२३ साली त्याचा काही भाग छापीपर्यंत तो बहुतेकांना इतरांच्या उल्लेखांतूनच ठाऊक होता. जिंकली ती ध्वनीची बाजू. आनंदवर्धनाने नवव्या शतकातच ज्यात ध्वनी नाही, नुसता शब्दांचा किंवा अर्थाचा खेळ आहे, त्याला 'चित्र' म्हटले आणि ते काव्य नव्हे, काव्याची नक्कल आहे, असा शेरा मारला. मम्मटाने त्याला अधम काव्याच्या रांगेत बसवले. आजही आमच्या परीक्षांत 'चित्रकाव्य' म्हणजे हलके काव्य, हे एका ओळीचे उत्तर बरोबर धरले जाते. बहुरंगी असणे म्हणजे आत काही नसणे, हा संशय इथून पक्का झाला, असे आम्हांस वाटते.

दुसरा धक्का बाराव्या शतकात बसला. रुय्यकाने 'विचित्र' नावाचा एक अलंकार सांगितला आणि पुढे 'कुवलयानंदा'मुळे तो सर्वांच्या परिचयाचा झाला. हवे त्याच्या नेमका उलट प्रयत्न करणे, हे त्याचे लक्षण. उंची मिळावी म्हणून सज्जन वाकतात, हे उदाहरण. इथे रंग उरलेला नाही, अनेकपणाही नाही. उरला आहे तो फक्त विपरीतपणा, अपेक्षेच्या विरुद्ध जाणे. आजच्या मराठी 'विचित्र'ची जन्मपत्रिका मांडायची तर आम्ही हे स्थान जरूर दाखवू.

मराठीत जुना अर्थ एकदम मेला नाही. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) 'विचित्र'ला रंगीबेरंगी हा अर्थ दिलेला आहे. जोडशब्दात तो अजून तग धरून आहे : 'चित्रविचित्र पोशाख' म्हटले की रंग दिसतात, जरी बोलणाऱ्याचा ओठ थोडा मुडपलेला असतो. भाववाचक नामात तो सर्वांत सुरक्षित राहिला. 'सृष्टिवैचित्र्य', 'स्वभाववैचित्र्य', 'उक्तिवैचित्र्य' यांत तक्रार नाही. माणूस विचित्र असला तर त्याला टाळायचे आणि त्याच्या स्वभावातले वैचित्र्य मात्र कादंबरीत वाखाणायचे, अशी आपली सोय आहे. वसुबंधूने 'अभिधर्मकोशा'त जगाचे वैचित्र्य कर्मातून आले असे म्हटले, तेव्हा त्यालाही केवळ नानाविधता अभिप्रेत होती, स्तुती नाही की निंदाही नाही.

रंग का उतरला, याचे एक उत्तर सर्वसामान्य आहे : जे थक्क करते ते ओळखीचे झाले नाही तर खटकू लागते. अरबीतून आलेला 'अजब' याच उतारावरून घसरला. साहित्यशास्त्रातला 'चमत्कार' म्हणजे रसिकाच्या चित्ताची प्रफुल्लता. मराठीत 'चमत्कारिक माणूस' म्हणजे ज्याच्याशी बेताने बोलावे असा. पण घसरण अटळ होती असेही नाही. 'विलक्षण' हा शब्द बरोबर उलट दिशेने गेला. मुळात त्याचा अर्थ 'वेगळ्या लक्षणांचा, चारचौघांसारखा नसलेला' इतकाच. आज 'विलक्षण प्रतिभा' म्हणजे प्रशंसेची परमावधी. म्हणजे मराठी माणसाला वेगळेपणाचे वावडे नाही. त्याला वेगळेपणा एकरंगी असलेला आवडतो, असे म्हणायचा मोह होतो. पण तो मोह आम्ही आवरतो, कारण शेजारच्या भाषेत काय घडले ते पाहिले पाहिजे.

बंगालीत 'बिचित्र'ची झळाळी बरीच शाबूत आहे. अनोखे, नवलाचे असा अर्थ तिथेही आहे, पण बहुविध हा अर्थ जिवंत आणि सन्मानाचा आहे. रवींद्रनाथांच्या एका निबंधसंग्रहाचे नाव 'बिचित्र प्रबंध' (१९०७). 'गीतबितान'मध्ये पूजा, स्वदेश, प्रेम, प्रकृती यांच्या रांगेत 'बिचित्र' नावाचा विभाग आहे. मराठी संपादकाने तिथे 'विविध' किंवा 'संकीर्ण' घातले असते. १९२७ साली कोलकात्यात 'बिचित्रा' मासिक निघाले आणि विभूतिभूषणांची 'पथेर पांचाली' पुढच्या दोन वर्षांत त्यातूनच क्रमशः आली. बांगलादेश झाल्यावर ढाक्यातही त्याच नावाचे साप्ताहिक निघाले. गाण्यानाचण्याच्या मिश्र कार्यक्रमाला तिथे 'बिचित्रानुष्ठान' म्हणतात. आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस सजीवांच्या नानाविधतेसाठी जगभर नवा शब्द हवा झाला तेव्हा बंगालीने तो 'जीवबैचित्र्य' असा घडवला. मराठीने 'जैवविविधता' केला. दोन्ही अर्थ पोचवतात. पण 'विविध' म्हणजे निरनिराळे प्रकार, मोजता येण्याजोगे, एकाखाली एक लिहिता येण्याजोगे. 'विचित्र'मध्ये ते प्रकार एकमेकांत विणलेले असतात, नैयायिकाच्या कापडासारखे. पश्चिम घाटातल्या एखाद्या देवराईचे वर्णन करायला आम्हांस दुसराच शब्द अधिक नेमका वाटतो, आणि तो वापरायची मात्र आता सोय उरलेली नाही. 'देवराईचे वैचित्र्य' लिहिले तर वाचक तिथे भुते आहेत का, असे विचारतील.

मिश्रणाच्या इतर शब्दांची नशिबे अशीच मनमानी आहेत. 'संकीर्ण' म्हणजे एकत्र पसरलेले, मिसळलेले. संगीतात अनेक रागांच्या मिश्रणातून झालेला तो संकीर्ण राग. मराठी अधिनियमांच्या शेवटी इतरत्र न बसणाऱ्या कलमांचे प्रकरण असते, त्याचे शीर्षक 'संकीर्ण'. हिंदीत हाच शब्द गर्दीच्या अर्थावरून अरुंद झाला आणि 'संकीर्ण' माणूस म्हणजे कोत्या मनाचा. म्हणून हिंदी अधिनियमांना 'प्रकीर्ण' शोधावे लागले. संस्कृत नाटकांच्या प्रस्तावनेत सूत्रधार प्रेक्षकांना 'आर्यमिश्र' म्हणतो आणि तिथे 'मिश्र' आदराचा आहे; उत्तरेतल्या मिश्रांच्या आडनावात तो अजून टिकला आहे. सर्वांत मोठी उडी 'संकर'ने मारली. ज्याच्या नुसत्या कल्पनेने अर्जुनाचे हातपाय गळाले, तो १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आल्यावर शेतकऱ्याच्या घरी कौतुकाचा झाला. अर्थात त्या ज्वारीच्या भाकरीला चव नाही, ही कुरकुर जुनी माणसे अखेरपर्यंत करीत होती आणि 'हायब्रीड' हा शब्द मराठी बोलीत शिवीसारखाही वापरला गेलाच.

चवीवरून शेवटी 'शबल'कडे येऊ. भिक्षूंच्या शीलाला आणि मुनींच्या चारित्र्याला नको असलेला हा शब्द काव्यशास्त्राने उचलला आणि 'भावशबलता' अशी संज्ञा केली. एकाच पद्यात शंका, औत्सुक्य, विषाद, धैर्य असे अनेक भाव गर्दी करून येतात, ती भावशबलता. मराठी समीक्षेतही ही संज्ञा अधूनमधून भेटते आणि भेटते ती गुण म्हणूनच. ही गर्दी नेमकी कशी असते, याविषयी 'काव्यप्रकाशा'च्या टीकाकारांनी असे म्हटले होते की येणारा प्रत्येक भाव आधीच्या भावाला चिरडून पुढे येतो. शहाजहानच्या आश्रयाला राहिलेल्या जगन्नाथ पंडिताने 'रसगंगाधरा'त हे खोडून काढले. त्याच्या मते भाव एकमेकांना मारक असोत की परस्परांविषयी उदासीन असोत, शबलता म्हणजे त्यांचे मिसळणे. नारळाचे पाणी, दूध, साखर आणि केळे एकत्र केले की जशी एक आगळीच चव येते, तशी ही आहे, असा दृष्टांत त्याने दिला आहे. नारळाचे पाणी वगळले तर हे आपले शिकरणच झाले. यातली खुबी अशी की जगन्नाथ नव्यन्यायाच्या भाषेत मुरलेला माणूस होता, आणि त्या शास्त्रात मिश्र रंग मानणारेही मिश्र चव मानायला तयार नव्हते. रंगाशिवाय वस्तू दिसणार नाही म्हणून त्यांनी 'चित्ररूप' पत्करले. चवीशिवाय वस्तूचे काही अडत नाही, तेव्हा 'चित्ररस' नावाचा सातवा रस कशाला, असा त्यांचा हिशेब होता. जगन्नाथाने तो हिशेब बाजूला ठेवला आणि वाटी तोंडाला लावली.